ऋ

शिवाजीनगर कोर्टाच्या फाटकाशी माझं टेबल.
तीन पाय धड, चौथ्याखाली वीट.
पानाला पंधरा रुपये, कार्बनचे वेगळे.
यंत्राचा ऋ तेवढा उठत नाही, नुसता डाग पडतो.
वर्षातून दोनदा लागतो, एखादा ऋणको आला तर,
मग पेनानं गिरवतो.
एवढ्यासाठी कोण दुरुस्तीला नेणार?

दोन हजार अकरा साली गानू आले, वकिलांना घेऊन.
दिलीप वासुदेव गानू, वय त्रेचाळीस,
धंदा पाण्याचे पंप, सातारा रोड.
वकील उभ्यानं सांगत गेले, मी बडवत गेलो.
आरोपी हेमचंद्र गुजर, चष्म्याचं दुकान, रास्ता पेठ.
कलम चारशे सत्त्याण्णव.
सदर आरोपीने फिर्यादीच्या संमतीवाचून
अगर मूक अनुमतीवाचून
फिर्यादीच्या पत्नीशी, वगैरे.
बोटांना पाठ होतं.
"पत्नीचं नाव घालू?"
वकील म्हणाले, "पत्नी म्हटलं की झालं. तिला शिक्षा नाही,
तिला कोण विचारतंय?"
साडेतीन पानं. पेन खिशातच राहिलं.

मग तारखा.
साहेब रजेवर, आरोपी आजारी, वकील दुसऱ्या कोर्टात,
एकदा तर फाइलच सापडेना.
प्रत्येक तारखेला एक बाई येऊन
माझ्यासमोरच्या कट्ट्यावर बसायची.
समन्स नाही, साक्षीला नाव नाही.
साडेबाराला डबा उघडायची, पोळी आणि गवारीची भाजी,
एकटीच जेवायची, अगदी सावकाश,
आत दोन पुरुष तिच्यावरून भांडत असताना.
चौथ्या की पाचव्या वर्षी उठून आली.
"ती फिर्याद तुम्ही टाइप केलीत ना?
माझी संमती कोणत्या पानावर आहे?"
मी म्हटलं, बाई, शब्द आलाय खरा,
पण तो गानूंचा.
तिनं माझ्याकडे पाहिलं
आणि लोणच्याची एक फोड
माझ्या डब्याच्या झाकणात ठेवली.

दोन हजार अठराच्या सप्टेंबरात दिल्लीला निकाल लागला.
कलमच गेलं.
बायको ही नवऱ्याची मालमत्ता नव्हे, असं काहीसं,
चहावाल्याच्या पेपरात मी वाचलं.
साडेतीन पानं, सात वर्षं, रद्दी.
पुढच्या तारखेला गुजर मोकळे होऊन बाहेर आले.
चष्मा पुसला. कट्ट्याकडे पाहिलं,
पाहिलं बहुतेक,
आणि रिक्षा केली. एकट्यासाठी.
ती डब्याचं झाकण लावत होती.
ते लागेना. मी उठणार होतो,
उठलो नाही.

सहा महिन्यांनी आली. पोटगीचा अर्ज करायचा म्हणाली.
शेजारी माझा पुतण्या आता कॉम्प्युटर घेऊन बसतो,
पण त्या दिवशी लाइट गेलेली.
वकील बाईंनी मजकूर लिहून दिला होता,
आणि तोंडी बजावलं होतं,
की समोरचे म्हणतील बाई व्यभिचारात राहते,
सबब पोटगी नाही.
ते कलम शाबूत आहे.
घटस्फोटालाही ते कारण अजून चालतं.
म्हणजे गुन्ह्याच्या वेळी ही कुणी नव्हती
आणि महिन्याचे चार हजार मागायला गेली
की अख्खी माणूस, जबाबदार, सज्ञान.
मी हे बोललो नाही. मी टायपिस्ट.

कागद चढवला. वर तारीख. खाली अर्जदार.
"नाव?"
"ऋचा."
दोनदा आपटलं. डागच.
पेन शोधू लागलो, तर म्हणाली,
"राहू द्या. वाचता येतंय."
"कोर्ट चालवून घेणार नाही, बाई."
तेव्हा माझ्या हातातलं पेन तिनं घेतलं
आणि डागाच्या वर, किंचित तिरका,
आपला ऋ काढला,
शाळेत काढतात तसा, मोठा.

चार पानांचे साठ.
तिनं शंभराची नोट दिली,
उरलेले चाळीस
दोनदा मोजून घेतले.